हातांचं काय करायचं

मंगळवारी, दुसरी पाळी सुटल्यावर,
कागद गिरणीच्या कॅन्टीनमध्ये आम्ही खुर्च्या मांडतो
अर्धगोलात, मेर्वी सांगते तशा.
बाहेर केमीचा समुद्र दगड होऊन पडलेला.
आत नऊ माणसं,
आणि नवांनाही दाराजवळचीच खुर्ची हवी.

मेर्वी भांडारात हिशेब ठेवते.
बोलायला शिकवायचं काम तिनं अंगावर घेतलं,
कारण साहेबांनी सूचनापेटी लावली
आणि वर्षाअखेर उघडली तेव्हा तिच्यात निघालं
च्युइंगमचं एक वेष्टन
आणि एक मोजा.

श्वास पोटातून घ्या, ती म्हणते.
पहिलं वाक्य पाठ करा, बाकीची मागून येतात.
समोरचा एक ओळखीचा चेहरा धरून ठेवा.
हातांचं काय करायचं, पेक्काने विचारलं.
खिशातून बाहेर काढा, म्हणाली,
आणि एकदम गप्प झाली,
कारण दाराजवळची खुर्ची आज तौनोने पटकावली होती,
उजवी बाही कोपराशी दुमडून, पिन लावून.

मी अठ्ठावन्न वर्षांचा.
माझ्या लग्नात माझं भाषण मेव्हण्याने केलं.
आमच्याकडे गप्प माणसाला शहाणा म्हणतात.
त्या आडोशाला मी
बरीच वर्षं स्वस्तात काढली.

तिसऱ्या रोलरच्या झाकणाचा बोल्ट ढिला आहे.
एवढंच वाक्य. सहा शब्द.
गेल्या मार्चमध्ये, रात्रपाळीत,
मी तो बोटाने हलवून पाहिला होता.
सकाळच्या बैठकीत ओठांपर्यंत आलंही होतं,
इतक्यात हेल्सिंकीहून आलेल्या साहेबांनी
भिंतीवर आलेख लावले, टनांचे,
हिरव्या रेघा वर चढत जाणाऱ्या.
म्हटलं, हे संपलं की बोलू.
ते संपलं तेव्हा कॉफी आली.
कॉफी संपली तेव्हा जो तो आपापल्या मशीनवर गेला.

गुरुवारी तौनोचा हात गेला.

वाक्य मात्र गेलं नाही.
माशाच्या काट्यासारखं,
भात गिळा, पाव गिळा, तिथेच.
सौनात तापल्या दगडांना मी ते सांगून पाहिलंय,
पाणी ओतता ओतता.
कुत्र्यालाही सांगितलंय.
दोघांनीही काही लिहून घेतलं नाही.

आज माझी पाळी. विषय: माझा छंद. वेळ: पाच मिनिटं.
बर्फाला भोक पाडून मासे धरणं, मी सुरू केलं.
भोक वीतभर रुंद. आमिष अळीचं.
बसायला बादली, पालथी.
दुसऱ्याच मिनिटाला अळ्या संपल्या, बादली संपली.
सान्नी हातात घंटी घेऊन बसलेली,
विशीतली पोर, माझ्याकडे बघायलाही लाजत होती.
ओळखीचा चेहरा धरायचा म्हणून मी मान वर केली
तर नजर जिथे जायची
तिथेच गेली.

बर्फ कुठे पातळ आहे, मी म्हणालो,
ते ज्याने पाहिलं त्याने सांगायचं असतं.
आणि मग, मासे तिथेच टाकून:
तिसऱ्या रोलरच्या झाकणाचा बोल्ट ढिला आहे.

ते झाकण केव्हाच बदललंय.
नवं पिवळं आहे, कुलपाचं.
हे तिथे सगळ्यांना ठाऊक.
पाच मिनिटं झाली. सहा झाली.
सान्नीने घंटीवर तळवा ठेवला, वाजू नये म्हणून.
मेर्वीच्या मांडीवर गुणांचा तक्ता,
नजर, आवाज, हात,
तिचं पेन तिसऱ्या रकान्यात अडकलेलं.
कोपऱ्यात फ्रिज घरघरत होता,
त्याला कुणी थांबवत नव्हतं.

मग तौनोने डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली.
पाय फरशीवर करकरले.

"इथवर नीट ऐकू नाही आलं," तो म्हणाला.
"पुन्हा सांग. मोठ्याने."

मी खिशातून हात काढले.